चारशे बारा हात

"आई, हे आधी वाचा! आणि मग सांगा, हे कोणी ठरवलं ते!"

सूनबाईंनी चपला काढायच्या आधीच घडी केलेला एक कागद सासूच्या हातात कोंबला. कडेवरची दोन वर्षांची नात पेंगुळली होती. तिला गादीवर टाकून सूनबाई तशाच जमिनीवर बसल्या. सासूबाईंनी चष्मा चढवला. कारखान्याच्या पाळणाघराच्या दारावरून काढून आणलेली सूचना होती ती.

"कामगारांनी एकमताने घेतलेल्या निर्णयानुसार येत्या एक तारखेपासून पाळणाघर कायमचे बंद करण्यात येत आहे. सदर जागा मालाच्या कोठारासाठी वापरली जाईल."

"एकमताने?" सासूबाईंचा आवाज चढला. "हे झालं कधी?"

"गेल्या शुक्रवारच्या सभेत. ठराव क्रमांक सहा."

"सभेत तर मी होते!"

"मीही होते, आई." सूनबाईंनी मान खाली घातली. "मीही हात वर केला. काय वाचत होते कोण जाणे, मी शेजारणीशी बोलत होते. सगळ्यांचे हात वर गेले, माझाही गेला."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा! मुलगा कामानिमित्त दूरच्या गावी, घरात या दोघी आणि ही पोर. दोघीही एकाच कारखान्यात. पाळणाघर बंद झालं तर एकीला घरी बसणं भाग होतं, आणि ती कोण असणार हे सूनबाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. भोकं पाडायच्या यंत्रावरची ती जागा त्यांनी तीन वर्षं उमेदवारी करून मिळवली होती.

वाचकहो, हा कारखाना बटणांचा. आणि हा देश कष्टकऱ्यांचा. निदान तसं लिहिलेलं तरी होतं. शाळेच्या पुस्तकात पहिल्या पानावर, टपालाच्या तिकिटावर, आणि कारखान्याच्या दारावर तर हातभर उंचीच्या अक्षरांत: "कारखाना कामगारांचा, निर्णय कामगारांचा!" दर तीन महिन्यांनी सभा भरे. ठराव वाचला जाई, हात वर होत, हात मोजले जात, आणि निर्णय होई. तुम्ही म्हणाल, वा, याहून चांगलं काय असतं? खरंच आहे. फक्त ठरावाचा कागद वरच्या मंडळाकडून छापून येई, आणि त्यावर खाली "एकमताने मंजूर" हे शब्दही आधीच छापलेले असत. मोकळी असे ती आकड्याची जागा.

तो आकडा एकोणीस वर्षं कोण लिहीत होतं? याच सासूबाई!

कारखान्यात त्यांना सगळे दुर्बीणबाई म्हणत. शर्टाच्या बटणाला भोकं चार. पण हजारात एखाद्याला तीनच पडतात. सरकत्या पट्ट्यावरून बटणांचा लोट वाहत असताना ते एकच तीन भोकांचं बटण बाई बोटाच्या टोकाने टिपत आणि "बाद!" म्हणून डब्यात टाकत. चोवीस वर्षांत त्यांच्या हातून वाईट माल बाहेर गेला नाही. अशी नजर, म्हणून सभेतले हात मोजायचं कामही त्यांच्याकडेच आलं. पहिल्या एक-दोन सभांना त्यांनी ते मनापासून मोजले. मग लक्षात आलं की हजेरीपटावर जितकी माणसं तितकेच हात. मग मोजायचं कशाला? पेन्सिल घेऊन रांगांमधून एक फेरी मारायची आणि हजेरीचा आकडा उतरवायचा. बटणं घुसळून चकचकीत करणाऱ्या पॉलिशच्या पिंपांवरचे एक म्हातारे कामगार तर पहिल्या ठरावाला हात वर करत तो शेवटच्या ठरावानंतरच खाली घेत. सारखं वरखाली करून खांदा दुखतो म्हणे! त्यांचं नावच खांबदादा पडलं होतं.

शुक्रवारी हजेरी होती चारशे बारा. ठराव क्रमांक सहासमोर बाईंनी लिहिलं, चारशे बारा.

आता सूचना हातात धरून बसल्याबसल्या बाईंना एक गोष्ट आठवली. शेवटच्या रांगेत पाळणाताई उभी होती, पाळणाघर सांभाळणारी. तिच्या एका खांद्यावर एक मूल झोपलेलं, दुसऱ्या कडेवर दुसरं. दोन्ही हात अडकलेले. वर होणार कसे? बाई तिच्यासमोरून गेल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं होतं, आणि तरीही चारशे बाराच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी बाई कारखान्याच्या वाचनालयात गेल्या. तिथे कलमराव बसत. एके काळी यंत्रावर होते. उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेली तेव्हा त्यांना वाचनालयात बसवलं. तेव्हापासून कारखान्याची नियमावली त्यांना तोंडपाठ. कोणी नुसतं शिंकलं तरी ते कलम सांगतील अशी थट्टा चाले.

"कलमराव, झालेला ठराव परत घेता येतो का हो?"

"कलम एकतीस," कलमराव मान वर न करताच म्हणाले. "मोजणी चुकली असं मोजणाऱ्याने स्वतः पंधरा दिवसांत लेखी कळवलं, तर ठराव पुन्हा सभेपुढे येतो. दुसऱ्या कोणी कळवून उपयोग नाही."

"आज कितवा दिवस?"

"पाचवा." आता त्यांनी मान वर केली. "पण बाई, त्याच्या पुढचं वाक्यही ऐका. खोटी मोजणी करणाऱ्यास यापुढे मोजणीचे वा तपासणीचे कोणतेही काम देऊ नये."

बाई मटकन बाकावर बसल्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तपासणीचं टेबल गेलं की त्या वयाच्या बाईला एकच जागा, पॉलिशची पिंपं. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहायचं आणि खडखडाट ऐकायचा.

"हा कुठला न्याय?" त्या उसळल्या. "मी एकटीच खोटी का? दारावर लिहिलंय कामगारांचा निर्णय, आणि ठराव येतो वरून छापून! भिंतीवर एक आणि चालतं भलतंच. सगळी विचारसरणीच थोतांड आहे, झालं!"

"थांबा, थांबा." कलमरावांनी नियमावली उघडली. कोऱ्या पुस्तकासारखी करकरीत होती ती. त्यांच्याशिवाय कोणी उघडलीच नव्हती. "हे ऐका. ठराव सावकाश वाचावा. त्याचा अर्थ समजावून सांगावा. कोणाचा विरोध आहे का, असे तीनदा विचारावे. मगच हात मोजावेत. यात थोतांड काय आहे सांगा? आपल्या आज्याला सही करता येत नव्हती, बाई. म्हणून हे नियम करणाऱ्यांनी मताला हात ठेवला. कागदाला अक्षर लागतं, हाताला नुसतं मन लागतं."

"मग हे असं झालं कसं?"

"हळूहळू झालं. आधी वरच्यांनी अर्थ सांगायचं सोडलं. आपण गप्प. मग तीनदा विचारायचं ते एकदा विचारू लागले. तरी गप्प. मग तेही बंद झालं, आणि आपल्याला बरंच वाटलं, सभा लवकर सुटते म्हणून! वरचे दोषी आहेतच, मी नाही म्हणत नाही. पण आकडा लिहायला वरून कोण आलं होतं?"

बाईंना ते झोंबलं. "आकडा मी लिहिला. पण तुमचा हातही वरच होता ना?"

कलमरावांनी उजवा हात टेबलावर ठेवला, तीन बोटांचा.

"होता. इतकी वर्षं कलमं घोकतोय आणि सभेत एकदा तोंड उघडलं नाही. तुम्ही न मोजता लिहिलंत, मी सगळं माहीत असून मूग गिळले. कोण जास्त खोटं ते तुम्हीच ठरवा."

तिथून बाई पाळणाघरात गेल्या. तीस पोरांची सकाळची रडारड चालू होती. पाळणाताई एकाचं नाक पुसत होती, दुसऱ्याला पायावर झुलवत होती.

"ताई, शुक्रवारी तुझा हात वर नव्हता," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला दिसलं होतं ना? मला वाटलं, तुम्ही ते लिहाल."

"हात मोकळे असते तर काय केलं असतंस?"

पाळणाताईने खोटं बोलायचा विचार केला असावा, पण मग ती खरंच बोलली. "वर केला असता, बाई. सगळ्यांचा होता ना! त्याचंच तर वाईट वाटतं. स्वतःच्या पाळणाघरावर मीच हात वर करून बसले असते."

पाळी सुटल्यावर बाईंनी पत्र लिहिलं. तीनच ओळी. ते घेऊन त्या व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. आजाऱ्याला रजा देई, लग्नाला येई. पत्र वाचून त्याचा चेहरा उतरला.

"बाई, भलतंच काय हे! कोठाराचं परिपत्रक मंडळाकडून आलंय. मी काय करणार?"

"तुमच्या वरच्या सभेत तुम्ही काय केलंत, साहेब?"

"आम्ही... आम्हीही हात वर केले." तो कसनुसा हसला. "कुठेही जा, पळसाला पानं तीनच." मग त्याने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "असं करू या. हे पत्र फाडून टाका. तुमच्या नातीची सोय मी करतो. शेजारच्या सूत गिरणीच्या पाळणाघरात माझी ओळख आहे. उद्यापासून पाठवा. तुमचं टेबलही राहील, सूनबाईंचं यंत्रही राहील."

वाचकहो, खोटं कशाला सांगू, बाईंचं मन डळमळलं. एका शब्दाचा प्रश्न होता. घर सावरलं असतं, दोन वर्षं सरली असती, कोणाला कळलंही नसतं. आणि हेही खरंच की आजवर त्या देशात सगळ्यांची कामं अशीच होत आली होती. भिंतीवर सर्वांचा हक्क, आणि खोलीत दार लोटून ओळख!

"आणि बाकीची एकोणतीस पोरं?" बाईंनी विचारलं.

व्यवस्थापक टेबलावरचे कागद नीट लावू लागला.

"एकोणीस वर्षं मी मोजलं नाही, साहेब. आता मोजायला लागलेय. पत्र घ्या आणि पोच द्या."

पत्र दिल्यापासून चौथ्या दिवशी सभा बोलावली गेली. जेवणघरात चारशे नऊ माणसं बसली होती. व्यवस्थापकाने ठरावाचा कागद उचलला, आणि सवयीने खांबदादांचा हात वर गेला.

"हात खाली घ्या!"

दुर्बीणबाई बाकावर चढून उभ्या होत्या.

"दादा, हात खाली घ्या. आधी मला बोलू द्या. मागच्या सभेत मी चारशे बारा लिहिलं. मी मोजलं नव्हतं. एक हात वर नव्हता, तो मला दिसला, तरी मी लिहिलं. त्याच्या आधीही मोजलं नव्हतं. एकोणीस वर्षं मोजलं नाही!"

एकच गलका झाला!

"म्हणजे आमचा हात हिशेबातच नव्हता?"

"तीन भोकांचं बटण दिसतं आणि माणूस दिसत नाही होय हो, बाई?"

"दिव्याखाली अंधार! शाब्बास!"

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. डोळे भरून आले, पण त्या बाकावरून उतरल्या नाहीत. "बोला, मला बोलायचा तुमचा हक्क आहे. मला तपासणीतून काढतील, काढू देत. पण ठराव काय आहे ते आज तरी नीट ऐका. मी ऐकला नव्हता. तुमच्यातल्या किती जणांनी ऐकला होता?"

"मीही नाही," मागून कोणीतरी कबूल केलं.

ठराव पुन्हा वाचला गेला, सावकाश. कलमराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "कलम तेवीस. आता अर्थ समजावून सांगायचा." व्यवस्थापकाने घाम पुसला आणि सांगितला. मग गोण्या वाहणाऱ्यांतला एक दांडगा माणूस उठला. "माझा हात होकाराचाच आहे, आणि आज तो खरा आहे. माल दोन मजले वर चढवतो आम्ही. पाठी मोडल्यात. खाली कोठार झालं तर आम्हीही माणसं म्हणून जगू." कोणी त्याला हसलं नाही. पाळणाताईही बोलली, सूनबाईही बोलल्या. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा ती सभा सभेसारखी झाली.

"विरोध आहे का?" व्यवस्थापकाने तीनदा विचारलं. पण हात मोजायची वेळ आली तसे सगळे एकमेकांकडे चोरून पाहू लागले. मुकादमाकडे पाहू लागले. शेजाऱ्याचा हात कुठे आहे, ते पाहून आपला!

तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "हात नकोतच. बटणं घेऊ या. दोन भोकांचं होकाराला, चार भोकांचं नकाराला. दोन्हींतलं एकेक मुठीत घ्यायचं आणि पिशवीत हात घालून हवं ते एकच सोडायचं. आपल्याला बोटाने कळतं, दुसऱ्याला दिसत नाही."

"कलम अठ्ठावीस!" कलमराव जवळजवळ ओरडलेच. "हात वर करून, अथवा सभा ठरवील त्या रीतीने!"

दोन प्रकारच्या बटणांच्या टोपल्या आल्या, एक कापडी पिशवी आली. एकेक जण पुढे येऊन हात घालून गेला. दुर्बीणबाईंना आता मोजायचा अधिकार नव्हता. मोजायला एका बाजूने गोण्यावाला बसला, दुसऱ्या बाजूने सूनबाई. बाई हात मागे बांधून टेबलाशी उभ्या राहिल्या. दोन ढीग वाढू लागले. डोळ्यांना तर ते सारखेच दिसत होते.

शेवटची मूठ उरली होती. सूनबाईंनी एक बटण चारच्या ढिगावर टाकलं.

"थांब." बाईंचं बोट पुढे आलं. "तीन भोकांचं आहे ते."

"आई!" सूनबाई कुजबुजल्या. "चारच्या टोपलीत चुकून आलेलं कोणीतरी पिशवीत चाचपून टाकलंय. चारचंच समजून टाकलं असणार. आपल्या बाजूचं आहे ते!"

"असेल. बाद!"

गोण्यावाल्याने बाईंकडे पाहिलं आणि ते बटण हळूच बाजूला ठेवलं.

आकडे आले. होकार दोनशे एक. नकार दोनशे सात. बाद एक. दोघांनी पुन्हा मोजले, तेच आले. पाळणाघर राहिलं! सूनबाईंनी सासूला मिठी मारली. पाळणाताई रडायला लागली. कागदावर "एकमताने मंजूर" छापलेलंच होतं. व्यवस्थापकाने पेन उचललं, ते शब्द खोडले आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "सहा मतांच्या फरकाने नामंजूर." वर काय उत्तर द्यायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. पण खाली सही त्याने स्पष्ट केली.

सभा मोडता मोडता बाई गोण्यावाल्याजवळ गेल्या. "तुझ्या पाठीचा ठराव पुढच्या सभेत मी मांडते. माल वर चढवायला यंत्र हवं. तो वरून छापून येणार नाही, आपल्यालाच लिहावा लागेल."

"मी लिहून देतो," कलमराव मागून म्हणाले. "आणि सभेत वाचतोही मीच."

नियम म्हणजे नियम. पुढच्या सोमवारी बाई पॉलिशच्या पिंपांवर रुजू झाल्या. ओली फरशी, कानठळ्या बसवणारा खडखडाट, आणि शेजारी खांबदादा.

"वाईट वाटतं का, बाई?" त्यांनी ओरडून विचारलं.

"टेबलाचं वाटतं!" बाईही ओरडल्या. "केलं त्याचं नाही!"

तीन महिन्यांनी पुढची सभा भरली. व्यवस्थापकाने पहिला कागद उचलला आणि खांबदादांचा हात अर्ध्यावर गेला. तिथेच थबकला. त्यांनी तो खाली घेतला, मांडीवर ठेवला, आणि त्या गर्दीत त्यांचा म्हातारा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"साहेब, आधी काय आहे ते सांगा. मग बघतो."

नागरिक बंधुभगिनींनो, दारावर काय लिहिलंय यावरून देश ओळखू नका, आणि ते खोटं निघालं म्हणून पुसूनही टाकू नका. ते लिहिलेलं खरं करायचं काम मंडळाचं नाही, व्यवस्थापकाचंही नाही. ते तुमच्या-माझ्या हाताचं आहे. तो हात वर करण्याआधी एकदा विचारा, हे नेमकं काय आहे? आणि मोजायची पाळी तुमच्यावर आली, तर प्रत्येक हात मोजा. जो वर नाही, तो आधी!